बोक्याची दाढ आणि चौदा रकाने

कोणत्याही सुसंस्कृत घरात महत्त्वाचा निर्णय घाईने घेतला जात नाही. आजार मात्र घाईने येतो. यावरून त्याचे संस्कार दिसतात.

आमच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांच्या बोक्याने सोमवारी सकाळी खाणे सोडले. बशीपाशी जायचा, वास घ्यायचा आणि पंजाने गाल घासत परत यायचा. वय आठ, रंग राखाडी, घरातले नाव साहेब. (निवृत्तीनंतरही हेडक्लार्कांना कोणीतरी साहेब लागतोच.)

इतर लोक अशा वेळी बोका उचलून डॉक्टरकडे पळतात. हेडक्लार्कांनी पट्टी घेऊन तक्ता आखला.

रकाने चौदा: डॉक्टरची पदवी, अनुभव, तपासणीचा दर, दात काढण्याचा दर, पावती मागितल्यावरचा चेहरा, घरापासूनचे अंतर (जाताना), घरापासूनचे अंतर (येताना), बसायला पंख्याखालची जागा मिळते का, वगैरे. मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी जातीने पाच दवाखाने पाहिले. पाचही ठिकाणी एकच प्रश्न आला.

"पेशंट कुठाय?"

"घरी आहे. सध्या आम्ही तुम्हाला तपासतोय."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाई पहिल्याच फेरीत बाद झाल्या. त्यांच्या टेबलावर कुत्र्याचे केस सापडले. (जनावरांच्या दवाखान्यात ही बाब गंभीर मानण्यात आली.)

खर्चाची आखणी तर याहून दूरदृष्टीची. बोक्याचे आयुष्य पंधरा वर्षे धरून उरलेल्या सात वर्षांचे अंदाजपत्रक तयार झाले: लसी, जंताचे औषध, नखे, म्हातारपण. आकस्मिक निधीही ठरला. तो उघडायला तिघांच्या सह्या लागणार होत्या आणि पहिले वर्षभर त्याला हात लावायचा नव्हता. सात वर्षांत तरतूद नव्हती ती फक्त चालू आठवड्याची.

गुरुवारी बोका पाणीही पिईना.

"अहो, तो कपाटाखाली जाऊन बसलाय," बायको म्हणाली. "हाक मारली तर मान वर करत नाही."

"दोनच रकाने राहिलेत. घाईघाईत चुकीचा डॉक्टर निवडला, तर भोगायचं कोणी?"

"तोच भोगतोय की," सून म्हणाली. तिने भाजीची पिशवी रिकामी केली होती. "बाबा, मी त्याला कोपऱ्यावर नेतेय."

"अगं, त्या बाद आहेत!"

"मग तुमचे पास झालेले येऊ देत घरी. तोवर आम्ही जाऊन येतो."

आणि ती गेली. पिशवीतून फक्त दोन कान दिसत होते.

डॉक्टरबाईंनी तोंड उघडून पाहिले. दाढ मुळापर्यंत सडली होती, हिरडीत पू होता. "उद्या आणला असतात, तर मला फक्त तुमची समजूत काढावी लागली असती," त्या म्हणाल्या. भूल दिली, दाढ काढली, सलाइन लावले. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी बशी चाटूनपुसून साफ केली आणि आणखी मागितले.

हेडक्लार्कांनी वहीत नोंद केली: 'रोगी बरा. प्रक्रिया अपूर्ण.' शनिवारी त्यांनी उरलेले दोन रकाने भरले. निवड झालेल्या डॉक्टरांना ८८ गुण मिळाले. ते महिनाभर रजेवर होते, पण हा मुद्दा पंधराव्या रकान्यात आला असता.

तक्त्याचे इमारतीत फार कौतुक झाले. एवढा व्यवस्थित विचार हल्ली करतो कोण? आतापर्यंत अकरा कुटुंबांनी त्याची प्रत नेली आहे. दोघांकडे कुत्रा आहे, एकाकडे पोपट. उरलेल्या आठ जणांकडे प्राणी नाही, वडील आहेत. त्यांतल्या एकांच्या छातीत गेल्या महिन्यापासून दुखते. त्यांच्या मुलाचे नऊ रकाने भरून झाले आहेत आणि अक्षर सुरेख आहे.

आपल्यालाही प्रत मिळू शकेल. घरात कोण आजारी आहे, हे कळवण्याची गरज नाही. तक्त्यात तसा रकाना नाही.