मास्तरांचा व्हिडिओ आणि माझी आवराआवर

ज्या माणसानं ‘डिलीट’ आणि ‘डिलीट ऑल’ ही दोन बटणं शेजारी शेजारी ठेवली, तो एक सोडला तर या प्रकरणातल्या बाकी सगळ्यांचा मी मनापासून आभारी आहे. मुख्य म्हणजे बायकोचा. तिनं मला घरात ठेवून घेतलं.

झालं ते एवढंच, की रविवारी दुपारी मी घरचा कॉम्प्युटर आवरायला घेतला. बायको पडद्याचं कापड बघायला बाजारात गेली होती. मी म्हटलं, ती येईपर्यंत काहीतरी उपयोगाचं करून दाखवावं. (ही इच्छा मला वर्षातून एकदाच होते आणि तिचे परिणाम उरलेलं वर्षभर पुरतात.)

माझी बायको स्पीच थेरपिस्ट आहे. अर्धांगाचा झटका येऊन ज्यांचं बोलणं गेलंय, अशांना ती पुन्हा बोलायला शिकवते. दवाखाना म्हणजे आमचीच बाहेरची खोली. दोन खुर्च्या, एक आरसा, चित्रांची कार्डं आणि तो कॉम्प्युटर. कुठला पेशंट कशानं बोलता होतो, ते ती इंटरनेटवर शोधते आणि सापडलं की बुकमार्क करून ठेवते. पण हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला दिसला फक्त पसारा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दाटीवाटीनं बसलेली नावं: ‘गाणारी आजी’, ‘बँकवाले’, ‘रागीट’, ‘मास्तर’. मी म्हटलं, काय हा गोंधळ! चार बुकमार्क पुसायला गेलो आणि सगळे गेले. हातासरशी हिस्टरीही साफ केली. म्हणजे गुन्हाही केला आणि माग काढायची वाटही बुजवली.

पट्टी स्वच्छ झाली. मी पाच मिनिटं कौतुकानं तिच्याकडे बघत बसलो. मग लक्षात आलं, ही पट्टी बायकोची होती. ताबडतोब मेहुण्याला फोन लावला. बायकोचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्याच धंद्यात आहे.

“भावोजी, काय पुसलंत?”

“पसारा.”

“ताईचे बुकमार्क?”

“तू त्याला बुकमार्क म्हण हवं तर.”

“बरं, घाबरू नका. बॅकअप आहे ना?”

“आहे की!” माझा आवाज चढला. “मागच्या वर्षी मी स्वतः घेतलाय. अख्खा कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवर!”

“वा! किती वेळ लागला होता?”

“चार सेकंद.”



“भावोजी, तुम्ही समोरचे आयकॉन उचलून टाकलेत का?”

“सगळे! एकही मागे ठेवला नाही.”

“त्या दारावरच्या पाट्या हो! घरं जागच्या जागी राहिली आणि तुम्ही पाट्या काढून आणल्यात.” त्यानं मोठा श्वास घेतला. “जाऊ दे. ब्राउझर स्वतःच एक जुनी प्रत ठेवतो. फक्त मला सांगा, पुसल्यानंतर तुम्ही तो पुन्हा उघडला नाहीत ना?”

“उघडल्याशिवाय ‘गेलेले बुकमार्क परत कसे आणावेत’ ते शोधणार कुठे?”

“कितीदा उघडलात?”

“सात. प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं, बंद करा आणि पुन्हा उघडा. मी सूचना तंतोतंत पाळतो.”

“पहिल्यांदा उघडलात तेव्हाच त्या जुन्या प्रतीवर नवी, रिकामी प्रत बसली. आणि ऑनलाइन खात्यात बुकमार्क साठवायची सोय मी बंद का ठेवली, सांगू? तुम्हीच म्हणाला होतात, आपल्या घरातलं बाहेर कशाला! आता हात काढा. माउसवरचासुद्धा. मी येतोय.”

तो यायच्या आधी बायको आली. मी सगळं कबूल केलं. मला वाटलं होतं, ती आरडाओरडा करेल. तिनं तो केला असता तर बरं झालं असतं. ती पिशवी हातात धरून तशीच खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, “मास्तरांचा व्हिडिओ.”

मग तिनं सांगितलं. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. चार महिन्यांपूर्वी झटका आला. कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. दर सोमवारी त्यांची बायको त्यांना धरून आमच्याकडे आणते. चार महिन्यांत ते फक्त एक शब्द बोलले होते, तोही मागच्या सोमवारी. माझ्या बायकोला एक व्हिडिओ सापडला होता. कुणीतरी नवशिका गाडी चालवतोय आणि कॅमेरा शेजारच्या सीटवरून बघतोय. तो बघता बघता मास्तर एकदम म्हणाले, “क्लच.” त्यांची बायको घरी जाईपर्यंत रडत होती. आणि उद्या सोमवार होता.

“त्या व्हिडिओचं नाव काय होतं?” मी विचारलं.

“कुठल्यातरी परक्या लिपीत होतं. वाचता आलं असतं तर बुकमार्क कशाला केला असता?”

मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी त्या माउसकडेसुद्धा बघू शकेना.

मेहुणा आला. त्याचे उपकार मी कसे विसरेन! आमचा दोन वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला जुना कॉम्प्युटर कपाटामागे धूळ खात उभा होता. त्यानं तो उघडला, आतली हार्ड डिस्क काढली, नव्याला जोडली आणि तासाभरात तीनशे बारा बुकमार्क परत आणून दिले. गाणारी आजी आली, बँकवाले आले, रागीटही आले. मास्तर तेवढे आले नाहीत. कसे येणार? दोन वर्षांपूर्वी ते ठणठणीत होते आणि लोकांवर ओरडत होते.

जेवणाच्या वेळेपर्यंत आम्ही तिघांनी गाड्यांचे व्हिडिओ पालथे घातले. तो काही सापडला नाही.

सोमवारी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. साहेबांनी कारण विचारलं, मी “घरगुती अपघात” असं लिहून दिलं. बरोबर दहाला मास्तर आले. उंच माणूस, उजवा हात गळ्यात बांधलेला, दाढी मास्तरीणबाईंनी करून दिलेली. बाईंनी आल्या आल्या विचारलं, “आज तो गाडीचा लावणार ना? हे सकाळपासून तयार होऊन बसलेत.” मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

बायको शांतपणे म्हणाली, “जरा शोधावा लागेल.” मग माझ्याकडे वळली. “तुम्ही शोधत राहा, मी तोवर कार्डं घेते.”

मी कॉम्प्युटरपुढे बसलो. मास्तरांची खुर्ची माझ्या शेजारीच होती. बायको कार्ड दाखवत होती, पण मास्तरांचं लक्ष कार्डाकडे नव्हतं. ते माझ्या हाताकडे बघत होते. मी एक व्हिडिओ उघडला, तो निघाला टायरच्या जाहिरातीचा. तो बंद करायला गेलो तर दुसरा उघडला. त्यात कुणीतरी ठोठो हसायला लागलं. मी घाबरून दिसेल ते दाबत सुटलो. खिडक्यांवर खिडक्या उघडायला लागल्या, तीन ठिकाणांहून संगीत सुरू झालं.

शेजारी धाडकन आवाज झाला. मास्तरांचा पाय जमिनीवर आपटला होता. पुन्हा आपटला. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक असायचा, तो ते शोधत होते. मग त्यांचा डावा हात आला आणि माझं मनगट पकडलं.

“ब्रेक!”

मास्तरीणबाईंच्या हातातली पर्स खाली पडली.

“ब्रेक! हळू! सोड!”

“काय सोडू?” मी विचारलं.

“हात!” मास्तर गरजले. “हात सोड!”

मी माउस सोडणार, एवढ्यात मास्तरांच्या मागून बायको खुणा करायला लागली. “थांबू नका,” ती कुजबुजली, “चालू ठेवा.”

“काय चालू ठेवू?”

“चुका!”

आणि काय सांगू, त्याच क्षणी मला सगळं बरोबर जमायला लागलं. मुद्दाम चुकीचं दाबायला गेलो तर खिडक्या एकेक करून नीट बंद झाल्या. मास्तर समाधानानं मागे टेकले आणि गप्प झाले. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की मी लाजेनं मान खाली घातली. शेवटी तिनंच मार्ग काढला. “अहो, उद्यापासून विसरू नये म्हणून हा पेशंटच्या वेळांचा तक्ता जरा छापून द्या,” ती म्हणाली.

पुढचं आपोआप झालं. मी अकरा कोरे कागद छापले. तक्ता आडवा केला, तो उलटा झाला. मास्तरांच्या तोंडून “इकडे”, “नाही”, “आधी बघ”, “अरे, बघ!” असे शब्द टपाटप पडत होते. बायको वहीत लिहून घेत होती. शेवटी प्रिंटरनं कागद गिळला आणि लाल दिवा लावला. मास्तरांनी लाल दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एकेक शब्द जुळवत, पण स्वच्छ म्हणाले,

“एकतीस वर्षं... शिकवलं. असा... नाही पाहिला.”

सहा शब्द. मास्तरीणबाईंनी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले आणि मग माझे दोन्ही हात धरून हमसून हमसून रडल्या. “भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू?” माझेही डोळे भरून आले होते. मास्तरांनी जाता जाता माझ्या पाठीवर डावा हात ठेवला. नापास झालेल्याच्या पाठीवर ठेवतात तसा होता, पण मला तो लाख मोलाचा वाटला.

आता मेहुणा दर रविवारी येऊन बॅकअप घेऊन जातो. तेव्हा मी बाल्कनीत बसायचं, असं ठरलंय.

त्या सोमवारी संध्याकाळी चहा पिताना मी बायकोला म्हटलं, “मी कॉम्प्युटरचा क्लास लावीन म्हणतो. फार झालं. आता सुधारायचंच.”

तिनं कप खाली ठेवला. माझा हात हातात घेतला. “अहो, नका. तुम्ही आहात तसेच राहा.”

लग्नाला एकवीस वर्षं झाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

“खरंच?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “मास्तर बरे होईपर्यंत.”