दोन वर्षं हात न लागलेली कामं

ऑफिसातल्या जुन्या नोंदी किती दिवस ठेवायच्या हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मीटिंगमध्ये मान खाली घालायला मीच उशीर केला. कामांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षांचा पसारा साचला होता. मी नियम केला: पूर्ण झालेलं आणि दोन वर्षं हात न लागलेलं काम कायमचं पुसायचं.

ऑफिसचं नुकसान नको, म्हणून नियम आधी आमच्या घरच्या यादीवर लावून बघितला. (मी फार जबाबदार माणूस आहे.)

घरची यादी ही बायकोची कल्पना. "अहो, तुमच्या त्या ऑफिसच्या यादीत मलाही घ्या. तिचं तरी ऐकता," म्हणाली. मग ती कामं टाकायची आणि खाली शेरे लिहायची. मी बल्ब बदलला तेव्हा लिहिलं होतं, "पडला एकदाचा उजेड!"

तिला जाऊन सव्वादोन वर्षं झाली. ते शेरे मी रोज डबा खाताना वाचायचो. रोज उघडतो त्या यादीला काय धाड भरणार, असं वाटलं आणि बटण दाबलं.

दोनशे चौदा कामं गेली. शेऱ्यांसकट.

मी कॉम्प्युटर विभागातल्या बाईंकडे धावलो. "अहो, मी रोज वाचत होतो!"

"वाचणं म्हणजे हात लावणं नव्हे, साहेब. काही लिहिलं तरच धरतात."

"परत आणता येईल ना?"

"नाही. 'परत येणार नाही, पुसू का?' असं दोनदा विचारलं होतं सॉफ्टवेअरने. तुम्ही दोन्हीदा 'हो' म्हणालात."

मी तिथेच खुर्चीत बसून रडलो. बाईंनी पाणी दिलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "एक काम राहिलंय, बघा. पूर्ण झालेलं नाही ना, म्हणून वाचलं."

स्वयंपाकघरातला गळका नळ. खाली तिचे अकरा शेरे. शेवटचा हॉस्पिटलमधून लिहिलेला: "मी घरी येईपर्यंत तरी करा हो." ती घरी आली नाही, आणि मी नळ केला नाही.

रविवारी लेकीने प्लंबर आणला, तर मी नळासमोर हात पसरून उभा राहिलो. "नाही! नळ झाला की आई पुसली जाईल!"

लेकीने सगळं ऐकून घेतलं. तिचेही डोळे भरले. मग म्हणाली, "बाबा, नळ दुरुस्त करा आणि नोंद उघडीच ठेवा की!"

(हे मला सुचलं नव्हतं. नियम करणारा मीच.)

नळ आता गळत नाही. पण पुढेमागे कुणी उघड्या कामांनाही नियम लावला तर? म्हणून मी रोज डबा खाताना तिच्या शेऱ्याखाली एक ओळ लिहितो, म्हणजे हात लागलेला राहतो. दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे तीस वर्षं तिला दिलं तेच उत्तर लिहितो.

"उद्या नक्की करतो."