वेढ्यातली बोटभर पट्टी

धाकट्यांची योजना बिनचूक होती. निवृत्त आरेखकाची योजना आणखी कशी असणार? वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, तेव्हा शहराच्या वेढ्याचा जुना लष्करी नकाशाही वाटला गेला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले दोन ताव. तोफा आणि तंबू थोरल्यांकडे गेले, तटबंदीआडचे शहर धाकट्यांकडे राहिले. तेव्हापासून अकरा वर्षे शहर आणि सैन्य एकमेकांशी बोलत नव्हते. आता संग्रहालयाला नकाशा हवा होता, पण जोडलेला. म्हणजे दादाला घरी यावेच लागणार. आणि एकदा आला, की बोलल्यावाचून जातो कुठे!

थोरले आले. तेही आरेखकच. भावजयीने पाणी विचारले, तर "नको" म्हणाले तेही भिंतीवरच्या घड्याळाला.

संग्रहालयाच्या बाईंनी दोन्ही ताव टेबलावर कडेला कड लावून मांडले आणि भिंग घेऊन वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी अगदी हळुवारपणे विचारले, की वेशीचा दरवाजा कुठे आहे. खरोखरच, सैन्याचा रस्ता तटापर्यंत येऊन नव्या जावयासारखा अवघडून उभा होता.

अशा नकाशात जोडणीसाठी एकच बोटभर पट्टी दोन्ही तावांवर छापलेली असते. एकीवर दुसरी चिकटवायची. धाकट्यांना पुनरुक्ती खपत नसे. चौकट करून घेताना त्यांनी गुण्या लावून ती पट्टी सफाईने उडवली होती.

"मी कापली," ते खाली बघत म्हणाले. "तुझ्याकडे होती म्हणून."

थोरल्यांचे कान लाल झाले. "मीही. तुझ्याकडे होती म्हणून."

अकरा वर्षांतले हे पहिले संभाषण, आणि त्यात दोघेही एकाच गुन्ह्यात सापडले. शिस्त एकाच बापाची ना!

बाई समजूतदार होत्या. मध्ये फट ठेवून नकाशा लावता येईल, असे त्या म्हणाल्या. दोघे भाऊ एकदमच "नाही" म्हणाले. मग ठरले, की दुसऱ्या प्रतीचे छायाचित्र बाईंनी पाठवायचे आणि त्यावरून नवी पट्टी, नवी आहे अशी नोंद करून, भावांनी रेखाटायची. किती वेळ लागेल?

धाकट्यांच्या हातचे ते दोन दुपारांचे काम. त्यांनी घसा खाकरला. दादा रोज इथे येऊन बसला, तर सहा आठवडे, असे त्यांनी टेबलाच्या पायाला सांगितले.

थोरल्यांनी जन्मभर धाकट्याचे अंदाज तपासून दुरुस्त केले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"सहात कसं होईल?" ते बाईंना म्हणाले. "आठ लिहा."