ओहोटीचा ढील

दारावरची घंटा दाबण्याआधी तिला टेस्टर लावून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दामूभाऊ तांडेल. पायात रबरी चप्पल, हात लुंगीला पुसपुसून कोरडा केलेला, आणि टेस्टरचा दिवा पेटला नाही तरच घंटा. "वायर आणि दर्या," ते सांगतात, "दोघांना पाठ दाखवायची नाय."

खारदांड्याच्या धक्क्यामागे आमची इमारत आणि तिला लागून त्यांचं बैठं घर. चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला ते मास्तर म्हणतात. मी तर आयुष्यभर ग्रंथपाल, त्यामुळे सुटका नव्हती. पत्नी गेल्यावर संध्याकाळी मला घरात बसवेना. मी धक्क्यावर जाऊन बसू लागलो आणि दामूभाऊंचा रोजचा सोहळा पाहू लागलो.

त्यांची लाकडी होडी मासेमारीतून केव्हाच निवृत्त झालेली. इंजिन बंद, तळ झिरपणारा. रात्रभर पंपानं पाणी उपसलं नाही तर ती बुडणार, आणि पंपाची वीज धक्क्यावरच्या खांबावरून यायची. आधी खांबावरचं बटण बंद आहे ना, ते बघायचं. मग वायरचं एक टोक होडीत, दुसरं खांबावर, प्लग पाण्यापासून वर टांगलेला. बटण सगळ्यात शेवटी. सकाळी सोडताना सगळं उलट, खांबापासून. "जिवंत वायर हातात घेऊन होडीत चढणारा थेट वर चढतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

जाळं विणत बसलेला बाबू म्हणायचा, "दादा, पंप लावतंस का रॉकेट सोडतंस?"

"लग्नाआधी तू असाच टेस्टर लावला असतास तर आज वाचला असतास."

खरा वेळ जायचा तो ढिलापायी. भरतीला होडी धक्क्याच्या बरोबरीनं असते, ओहोटीला पुरुषभर खाली जाते. तेवढी वायर सैल हवी, पण पाण्यात लोंबता कामा नये. दामूभाऊ सैल सोडत, मागे जाऊन बघत, पुन्हा आवळत. ही सवय इतकी मुरलेली की बाजारातल्या पिशवीची गाठसुद्धा सैल, आणि बटाटे रस्त्यावर.

याचं मूळ मला त्यांच्या बायकोनं, हिराबाईंनी सांगितलं. तरुणपणी एकदा भर भरतीत त्यांनी घाईघाईनं वायर ताणून बांधली. पाणी उतरलं, होडी खाली गेली, वायर तुटून ओल्या चिखलात पडली. तेवढ्यात हिराबाई डबा घेऊन अनवाणी आल्या. वाचल्या, पण तळपायाला काळा डाग राहिला. "ह्यांनी दिलेला दागिना," त्या हसून दाखवायच्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खिडकीतून हाक यायची, "ढील ठेवलास?"

"ठेवला."

मग बटण, आणि होडीवरच्या काठीला बांधलेला दिवा. पुढे हिराबाई अंथरुणाला खिळल्या, तरी हाक चुकली नाही. पडल्या पडल्या त्यांना तो दिवा दिसायचा. दिवा लागला म्हणजे पंप चालू, आणि नवराही शाबूत.

दिवाळीनंतर हिराबाई गेल्या. तेरावं होईपर्यंत पंप बाबूनं चालवला. मग दामूभाऊ आले. टोकं जोडली, ढील बघितला, बटणापर्यंत हात नेला आणि थांबले. बऱ्याच वेळानं तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. होडी वीतभर खाली बसली.

"दादा, बुडेल ना ती," बाबू म्हणाला. "मी दाबू का?"

"हात लावू नको."

तिसऱ्या संध्याकाळी मी उठून जवळ गेलो. "दामूभाऊ, सगळं जोडलंत की. दाबा ना बटण."

"कसा दाबू, मास्तर?" ते म्हणाले. "कोणी विचारलंच नाय."

खिडकी बंद होती. माझ्याही घरी हल्ली कोणी काही विचारत नाही. मी घसा खाकरला.

"ढील ठेवलास?"

इतक्या वर्षांत मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांनी वायर पुन्हा एकदा हातानं चाचपली, टोकापासून टोकापर्यंत.

"ठेवला."

दिवा लागला. पंप खोकला आणि पाणी थुंकू लागला.

आता रोज संध्याकाळी मी विचारतो, ते ठेवला म्हणतात. पंप रात्रभर चालतो. तरी सकाळी होडीच्या तळाशी कालच्यापेक्षा थोडं जास्तच पाणी असतं. ते आम्ही दोघंही बघतो. आणि संध्याकाळी मी पुन्हा विचारतो.