गियोनोंच्या पाठीवरच्या उभ्या रेघा

रविवारी सकाळी जावा बेटावरच्या क्लातेन गावात गल्लीतलं गटार उपसायला सगळे पुरुष जमले होते. पाक गियोनो, म्हणजे गियोनोकाका, फावडं घेऊन वाकले आणि त्यांच्या बनियनच्या गळ्यातून लाल रेघा बाहेर आल्या. चहा घेऊन आलेली शेजारीण बू तुगिराह, म्हणजे तुगिराहकाकू, ट्रे हातात धरून तिथेच थांबली.

"पाक, पाठ ओढून घेतलीत वाटतं?"

"अंगात वारा शिरला होता."

"ते दिसतंय हो. ओढली कोणी?"

सगळी फावडी थांबली. अंगात वारा शिरला की पाठीला तेल चोळायचं आणि जाड नाण्याच्या कडेनं कातडी लाल होईपर्यंत ओढायची, हे क्लातेनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण उघड्या पाठीला हात लावणारं माणूस घरचंच लागतं. बायको, आई, नाहीतर मुलगी. गियोनोंची बायको रुकिनी गेल्या पावसाळ्यात वारली होती. आई तर कधीच गेलेली. मुलगी रेत्नो सुराबायाला. आणि स्वतःची पाठ स्वतःला ओढता येत नाही, हेही शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

"माझी पाठ आहे," गियोनो म्हणाले आणि चिखलात फावडं हाणलं.

इथेच चुकलं. काहीतरी थाप मारली असती तर गटाराबरोबर वाहून गेली असती. तुगिराहनं ट्रे कट्ट्यावर ठेवला आणि मागून जवळ येऊन मान वाकडी करून पाहिलं.

"अगं बाई, ह्या तर उभ्या आहेत! आपल्याकडे तिरप्या ओढतात, कण्यापासून बरगडीकडे. माशाच्या काट्यासारख्या. ही बाई आपल्या गावची नाही."

"बाई?" गल्लीप्रमुख पाक कासिमिन म्हणाले आणि त्यांनी हातपाय धुवायला सुरुवात केली. गटार त्या दिवशी अर्धंच राहिलं.

खरी गोष्ट अशी होती की बाई नव्हती, खांब होता. घराच्या मधल्या सागवानी खांबाला गियोनोंनी करवतीनं खाच पाडली होती आणि तीत एक जुनं जाड नाणं अर्धं आत ठोकलं होतं. पाठीला तेल लावायचं, खांबाला टेकायचं आणि गुडघ्यात वाकून वरखाली व्हायचं. म्हैस झाडाला घासते तसं. रेघा उभ्या येणारच. तिरपं व्हायला खांब काही हलत नव्हता.

पण हे सांगायची सोय नव्हती. रेत्नो सुराबायाच्या एका आरोग्य केंद्रात आहार सांगायची. तिथे औषध, जामूचे झाडपाल्याचे काढे, श्वास आणि जेवण असं सगळं एकत्र करून माणसाला बरं करत. आई गेल्यावर तिनं बापाला तिकडेच न्यायचं ठरवलं होतं. गियोनोंनी पाय रोवले. शेवटी एक तह झाला. "जोवर सगळं तुमचं तुम्ही करताय तोवर राहा, बापाक. ज्या दिवशी एक गोष्ट जमेनाशी होईल, त्या दिवशी मी येऊन घेऊन जाईन."

म्हणून गियोनो भात शिजवायला शिकले. कपडे धुवायला शिकले. रेत्नोनं पाठवलेला लाल तांदूळ कोंबड्यांना घालायला शिकले, आणि फोनवर "हो, आज वाफवलेलंच खाल्लं" असं सोयाबीनचं तेम्पे तळता तळता सांगायलाही शिकले. सगळं जमलं. एक पाठ तेवढी राहिली होती, आणि खांबाचं कळलं असतं तर रेत्नोनं तीच न जमणारी गोष्ट म्हणून धरली असती. सुराबायाचं घर अकराव्या मजल्यावर होतं. तिथे अंगण नव्हतं, कोंबड्या नव्हत्या, आणि रुकिनी त्या घरात कधी राहिली नव्हती.

दुपारी कासिमिन टोपी घालून आले. टोपी म्हणजे सरकारी काम.

"पाक गियोनो, घरी पाहुणा मुक्कामाला असेल तर मला कळवावं लागतं. नियम आहे."

"पाहुणा नाही."

"मग पाठ?"

"पाठ मुक्कामालाच आहे. जन्मापासून. घ्या लिहून."

"चेष्टा नको हो. लोक बोलतात. त्यापेक्षा चारचौघांसमोर लग्न लावून टाका. वय काय आडवं येतंय?"

"तुम्ही आडवे येताय. बाजूला व्हा, कोंबड्यांना पाणी द्यायचंय."

तुगिराहनं तोवर सुराबायाला फोन लावला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं रेत्नो आली. गाडीत थंड हवा सारखी मानेवर आलेली, चेहरा पांढरा पडलेला. गियोनो दारातच भांडायच्या तयारीनं उभे होते. पण तिनं पिशवी खाली ठेवली आणि त्यांचा हात कपाळाला लावून नमस्कार केला.

"बापाक, मी रागावले नाहीये. उलट बरं वाटलं. आम्ही केंद्रात लोकांना हेच सांगतो, नुसतं खाणं सुधारून भागत नाही, माणसाला सोबत लागते. आहे ना कोणी? मग मला तुम्हाला न्यायची घाई नाही. तुम्ही इथेच राहा."

गियोनोंनी तिच्याकडे पाहिलं. एका शब्दात घर वाचत होतं. कोंबड्यांसकट.

"आहे," ते म्हणाले.

"खरंच? कशी आहे हो?"

"उंच आहे. कमी बोलते."

"चांगलंय की! आईसारखी डोकं तरी खाणार नाही. स्वयंपाक करते?"

"तेवढं नाही करत."

"चालेल. मला भेटवा. आजच."

"आज तिला जमायचं नाही."

रेत्नो खुशीत कुंपणाशी गेली आणि तुगिराहला म्हणाली, "बू, खरं आहे. उंच आहे म्हणे!" तुगिराहनं ते पलीकडच्या कुंपणाला सांगितलं. चहा होईपर्यंत निम्मी गल्ली अंगणात होती. कोणी केळी आणली होती, कोणी चटई. कासिमिन टोपी घालूनच आले.

गियोनो आत खांबापाशी बसून होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"विधवा असेल."

"क्लातेनची नाही, हे नक्की. उभ्या ओढते."

मग तुगिराहचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा खालचा. "काही म्हणा. रुकिनीला वर्षसुद्धा झालं नाही. एवढी वर्षं तिनं ह्यांची पाठ ओढली. पुरुषाची जात, विसरली."

गियोनो उठले. त्यांनी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली. सदरा काढून जमिनीवर फेकला.

"बघा! सगळे बघा! बाई नाही, कुत्रं नाही. हा खांब आहे!" त्यांनी पाठ टेकवली आणि वरखाली होऊ लागले. "असं! आणि असं! झालं समाधान? रुकिनीच्या घरात रुकिनीनंतर कोणी आलं नाही आणि येणार नाही!"

कोणीतरी हातातलं केळं हळूच खाली ठेवलं. कासिमिननी टोपी काढली.

गियोनोंना धाप लागली होती. मुलीकडे वळून ते म्हणाले, "रेत्नो, एक गोष्ट मला जमत नाही. झालं? आता तू म्हणशील चला. पण मी येणार नाही. तह मोडला तर मोडला. मला उचलून न्यायचं असेल तर आधी हा खांब उपट. घर पडेल, मग बोलू."

रेत्नोनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिला मोठी ढेकर आली. मग आणखी एक. सगळ्या गल्लीला तिचा अर्थ कळला.

"वारा शिरलाय तुझ्या अंगात," गियोनो म्हणाले.

"गाडीत होती ना थंड हवा." तिनं मान चोळली. "केंद्रात आमच्याकडे ह्यासाठी गुळगुळीत हिरवा दगड आहे. मऊ टॉवेल, मंद दिवे. मी दिवसभर दुसऱ्यांना तिकडे पाठवते. आई गेल्यापासून माझी पाठ कोणी ओढलेली नाही, बापाक."

ती आत आली. सदरा उचलून बापाच्या हातात दिला आणि स्वतः खांबाला पाठ लावली. टाचा उंचावल्या, तरी नाणं तिच्या डोक्याच्या मागे लागत होतं.

"मला फार वर होतंय हे."

"मग खाली दुसरं ठोकू. त्यात काय?"

"ठोका. पण मी आले की मला वापरायला लागेल, म्हणजे हे घर ठेवावं लागेल."

"मी कधीपासून दुसरं काय बोलतोय?"

गियोनोंनी करवत आणली. रेत्नोनं मानेखाली बोट ठेवून जागा दाखवली, त्यांनी खडूनं खूण केली. बाहेर कासिमिन लोकांना घरी पाठवत होते. लोक जात होते, फक्त केळी राहिली.

तुगिराह मात्र गेली नव्हती. ती चौकट ओलांडून आत आली, कोणाकडे न बघता खांबाशी गेली आणि ताठ उभी राहिली.

"पाक, करवत काढलीच आहे तर माझीही एक खूण करून टाका. उंचीनं तुम्हा दोघांच्या मधे येते मी."

गियोनो तिच्याकडे बघतच राहिले.

"बघताय काय? माझा नवरा बोर्नियोच्या खाणीत. वर्षातून एकदा येतो. वारा काय त्याच्या सुट्टीची वाट बघत थांबतो?"