म्हात्रे कंपाउंडरांचा पेशंट

वणव्यापासून देवराई वाचवायला जी वन समिती नेमली होती, तिचा मी चिटणीस होतो. आणि त्या वर्षीचा पहिला वणवा मीच लावला.

मुद्दाम नव्हे. फोटोसाठी.

पण वणवा पेटायच्या आधी म्हात्रे कंपाउंडर समजून घ्यायला हवेत. रोह्यात ते आमचे शेजारी. उभा जन्म पेणला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधण्यात गेला. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि म्हात्रे डॉक्टरांचा स्टेथोस्कोप गळ्यात घालून रोह्याला आले. माणसं तपासायला कायद्याची आडकाठी. झाडांच्या बाबतीत कायदा गप्प आहे. तेव्हा रोज सकाळी चहा झाला की ते गावाबाहेरच्या देवराईत जात आणि एकेका खोडाला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून उभे राहत. मग निदान. "हिरड्याला कफ झालाय." "ह्या आंब्याला कसली तरी चिंता हाय." "ऐनाची केस ठीक. पथ्य चालू ठेवा." पथ्य म्हणजे काय, तर ऐनाच्या बुंध्याशी कोणी लघवीला बसायचं नाही.

निदानं बरोबर येत असं मात्र समजू नका. "एकदम ठणठणीत" म्हणून सर्टिफिकेट दिलेली जांभूळ दुसऱ्याच दिवशी आडवी झाली, तेव्हा म्हात्रे म्हणाले, "अटॅक. अटॅकला कोण काय करनार?" आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

गावातली झाडंही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. एका सकाळी दारात उभे, हातात माझाच पत्र्याचा बोर्ड. 'गणित-इंग्रजीच्या शिकवण्या, निकालाची हमी.' मी तो बसस्टँडजवळच्या वडाला ठोकला होता. दुसऱ्या हातात चार वाकडे खिळे.

"सर, टाके काढून आनले तुमचे. आता ह्या हमीचं काय करता? तुमच्या मांडीवर ठोकू?"

आतून बायको म्हणाली, "ठोका हो काका, तेवढंच एका जागी बसतील."

अशा माणसाला वन समितीत घ्यावंच लागलं, कारण बाहेर राहून त्यांनी जास्त छळलं असतं. आमची समिती म्हणजे थोडी माणसं आणि एक मोठा बॅनर. वृक्षारोपणाचे खड्डे आम्ही फार जपून वापरत असू, दरवर्षी तेच. म्हात्रे सभेत येऊन एकच प्रश्न विचारत, "मागच्या वर्षीचे पेशंट कुठं हायत?" त्यावर अध्यक्ष चहा मागवत.

समितीचं खरं काम एकच होतं, जाळरेषेचं. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरावरचं गवत वाळून पापड होतं. मग कुणाची तरी विडीही पुरते. म्हणून त्याआधीच देवराईभोवतीचा गवताचा पट्टा आपणच जाळून टाकायचा, की डोंगरावरून आलेली आग तिथं येऊन उपाशी मरते. हे काम पहाटे करायचं, दव असताना, वारा पडलेला असताना, आणि हातात ओल्या फांद्या घेऊन माणसं उभी करून. दुपार झाली की खाडीकडून वारा सुटतो, हे रोह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी तर शाळेत भूगोलही शिकवतो.

त्या वर्षी नेमक्या जाळरेषेच्या आठवड्यात म्हात्रे मेव्हण्याकडे हमरापूरला गेले होते. जाताना बजावून गेले, "मी आल्याबिगर काडी लावायची नाय. औषधाला हात कंपाउंडरच लावनार."

पण अध्यक्षांना अहवालात फोटो हवा होता आणि मला फोटोत मी हवा होतो. फोटोग्राफर पेणहून येणार होता. त्याची एसटी रखडली. तो उतरला तेव्हा ऊन डोक्यावर. म्हणाला, "लाइट मस्त आहे, सर." मी बॅनरसमोर उभा राहिलो, चेहरा जबाबदार केला आणि काडी ओढली. फोटो चांगला आला. त्यात माझ्यामागे जे नारिंगी दिसतं तो बॅनर नाही.

वाऱ्यानं पट्टा एका दमात ओलांडला. मी मदत आणायला धावलो. मदत उजव्या हाताला होती, मी डावीकडे धावलो, पण गडबडीत होतं असं. राईला लागून वाडी आहे. तिथली हिराबाई चार बायका घेऊन आली आणि त्यांनी ओल्या फांद्यांनी झोडून झोडून आग काठावर थोपवली. राई वाचली. काठावरचा म्हातारा कुसुंब मात्र सापडला. त्याचं खोड बुंध्याशी पोकळ. आग त्यात शिरली आणि झाड आतून चुलीसारखं जळायला लागलं.

हा कुसुंब म्हात्र्यांचा सगळ्यात लाडका पेशंट. त्याला ते 'आमचे आजोबा' म्हणत आणि तपासताना चपला काढत.

निरोप गेला तसे ते हमरापुराहून आले, टेम्पोत बसून, मेव्हण्याच्या कारखान्यातली गणपतीची शाडू माती बरोबर घेऊन. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "बाजूला व्हा," एवढंच म्हणाले. हिराबाईनं पाणी घातलं, त्यांनी माती तुडवली आणि धुमसणारी ढोली वरपासून खालपर्यंत लिंपून टाकली. हवा बंद झाली, धूरही बंद झाला. आत झाड जिवंत आहे की नाही, हे कोणालाच कळेना.

मला वाटलं, आता शिव्या बसतील. नाही बसल्या. हे फार वाईट. म्हात्रे आमच्या दारावरून मान खाली घालून जायचे आणि दिवसदिवस त्या काळ्या झाडापाशी बसायचे. निदान नाही, पथ्य नाही. आजूबाजूच्या कुसुंबांनी पानं झाडली होती, आता नवी यायची वेळ. "पालवी आली तर आली," असं हिराबाई म्हणे. "नायतर सरपन."

न राहवून एकदा मी गेलो. म्हात्रे खोडाला स्टेथोस्कोप लावून बसलेले. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "बघू तरी काय म्हणतायत आजोबा," आणि नळ्या त्यांच्या कानातून काढून माझ्या कानात घातल्या. काही ऐकू येईना. चकती उलटी करून पाहिली. तिचा पडदाच नव्हता. नुसतं भोक.

"म्हात्रे, ह्यातून ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येणार नाही!"

"ठाव हाय," ते म्हणाले. "डॉक्टर असतानाच फाटला."

"मग रोज काय ऐकता?"

ते खोडावरची काजळी नखानं खरवडू लागले.

"डॉक्टर शेवटी अंथरुनाला खिळले. पोरं अमेरिकेत. त्यांनी माझ्याकडं बघून छातीवर बोट ठेवलं. मी लावला. मला त्यातलं काय कळतंय सर? त्यांनापन ठाव होतं, पडदा नाय. पन लावला की डोळे मिटून गप पडायचे. रोज लावायचो." मग नळ्या माझ्या कानातून काढून घेतल्या. "ऐकायला नसतं ते. कुनीतरी आलंय, एवढं कळायला असतं."

म्हात्र्यांचा मुलगा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर आहे. शिफ्ट संपली की तो झोपतो, उठला की शिफ्ट असते. म्हात्र्यांच्या दाराला बाहेरून कुणाचा हात लागलेला मी तरी फारसा पाहिला नव्हता. आणि आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. त्या संध्याकाळी मी चहाची किटली घेऊन गेलो. "साखर जास्त झालीय," म्हणाले, पण प्याले.

त्यानंतर काही दिवसांनी मी स्कूटरवरून त्या बाजूनं चाललो होतो. वळणावर वर नजर गेली आणि ब्रेक दाबला. राईच्या काठावर लालभडक! पुन्हा! या खेपेला मी पळणार नव्हतो. स्कूटर टाकली, करंजाची फांदी ओरबाडली आणि "वणवा! वणवा!" असं ओरडत चढ चढलो. वाडीतली कुत्री मागे लागली, माणसं मागे लागली. वर पोचलो आणि डोळे मिटून जी झोडपायला सुरुवात केली, ती कोणीतरी मनगट धरीपर्यंत.

डोळे उघडले. कुसुंब उभा होता. जळालेली बाजू काळी ठिक्कर, पण दुसऱ्या बाजूला शेंड्यापासून कोवळी पालवी फुटली होती, कुसुंबाची फुटते तशी, रक्तासारखी लाल. खालच्या फांदीची निम्मी मी झोडून पाडली होती. बुंध्याशी म्हात्रे चपला काढून बसले होते आणि टोपीनं तोंड पुसत होते. घाम असावा, असं मी धरून चालतो.

माझं मनगट धरलं होतं हिराबाईनं. तिनं जमिनीवरच्या पालवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आग लावलीत तवा पळालात, न् पालवी फुटली तवा विझवायला आलात," ती म्हणाली. "शाळंत पोरांना नक्की काय शिकवता वो तुमी?"