वाणात लुटलेली काडतुसं

अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात माझ्याइतकी अचूक काडतुसं घरी कोणी बनवत नाही! हे मी नाही सांगत, माझी वही सांगते. कुठल्या काडतुसात किती पावडर, कुठली बुलेट किती खोल बसवली, त्या दिवशी हवा किती दमट होती, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. दहावीचा अभ्यास मी असा केला असता तर आमचे वडील अजून पेढे वाटत असते.

फक्त एक बारीकशी अडचण होती. गोळ्या नेम धरलेल्या ठिकाणी लागत नव्हत्या.

आता यात माझा काय दोष? एकदा पावडर बदलली. मग बुलेट बदलली. मग तराजू बदलला, कारण जुन्याला शेजारी कोणी शिंकलं तरी चालायचं नाही. दोन वर्षांत मॉरिसव्हिलच्या आमच्या घराचं गॅरेज माझ्या कामाच्या बेंचनं, बुलेट दाबून बसवायच्या प्रेसनं आणि आठशे रिकाम्या पितळी नळ्यांनी भरून गेलं. या नळीत पावडर भरायची, तोंडाशी बुलेट बसवायची, की झालं काडतूस! माझी बायको रुचा, तिची गाडी त्यापायी बाहेर. जानेवारीत रोज सकाळी ती काचेवरचं बर्फ खरवडायची आणि खरवडता खरवडता गॅरेजकडे बघायची. मी तेव्हा आत कॉफी पीत असायचो.

शेवटी तिनं अल्टिमेटम दिला. "सुमंत, पुढच्या शनिवारी तुझी क्लबची मॅच आहे ना? त्या नारिंगी चकतीत पाच गोळ्या मारून दाखव. नाही जमलं, तर रविवारी बेंच बाहेर आणि माझी कार आत!"

शंभर यार्डांवरची ती चकती असते एक इंचाची, आपल्या ठसठशीत टिकलीएवढी. "डन!" मी म्हणालो. का नाही म्हणणार? आठशेतून पन्नास नळ्या मी निवडून ठेवल्या होत्या. सगळ्या एका वजनाच्या, एका जाडीच्या, घासूनपुसून लख्ख! तीन महिने खपलो होतो. पोरीसाठी स्थळंसुद्धा कोणी इतकी पारखून बघत नाही.

त्या रविवारी रुचाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पंचवीस बायका येणार म्हटल्यावर मी दुपारीच सटकलो. संध्याकाळी परत आलो, गॅरेजमध्ये गेलो, डबा उघडला. डबा रिकामा!

"रुचाऽऽ!"

"ओरडू नकोस रे. वाणासाठी न्यू जर्सीच्या आयसेलिनहून निरांजनं मागवली होती, त्यांची डिलिव्हरी अडकली. ऐन वेळी काय लुटणार? मग तुझी ती नळकांडी दिली. उदबत्ती काय मस्त उभी राहते त्यात! प्रत्येकीला जोडी."

"अगं, पण निवडलेलीच का? बादलीत साडेसातशे पडलीयेत ना!"

"ती काळवंडलेली? वाणात कोणी तसलं देतं का? सगळ्या विचारत होत्या, कुठून आणलंस म्हणून!"

मला रडू येत होतं आणि ती कौतुक सांगत होती!

"फोन करून परत माग."

"लुटलेलं वाण परत? वेडा आहेस का? मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुझं तू बघ."

मग माझं मी बघितलं! सोमवारपासून ऑफिस सुटलं की बदल्यात द्यायला स्टीलच्या वाट्या घेऊन दारोदार. अंतराच्या देवघरात माझ्या दोन्ही नळ्यांत उदबत्त्या जळत होत्या. "सीरियसली, सुमंत? देवापुढचं काढून नेणार?" असं म्हणून तिनं मला उदबत्ती विझेपर्यंत बसवलं आणि तोवर चार तिळाचे लाडू चारले. पुढच्या घरी पाच. तिसऱ्या घरी गुळाची पोळी! रेखाताईंनी तर आपली जोडी पर्समध्ये टाकून विमानतळ गाठला होता. तिथल्या सिक्युरिटीवाल्याला त्या अर्धा तास हळदीकुंकू समजावत होत्या म्हणे. शेवटी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवून आणि जोडी तिथेच सोडून त्या विमानात बसल्या.

गुरुवारपर्यंत सेहेचाळीस नळ्या परत आल्या. नळ्यांचं वजन तेवढंच होतं, माझं मात्र चार पौंडांनी वाढलं.

उरली होती मृणालिनीकाकूंची जोडी. काकू आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ. पन्नास वर्षांपूर्वी अकोल्याहून इथं आलेल्या, आता रिटायर्ड डॉक्टर.

"नाही देणार," काकू म्हणाल्या.

"काकू, प्लीज! दोनच तर आहेत."

"दोन नळ्यांसाठी तू गावभर हिंडतोयस, म्हणजे काहीतरी खास असणार. शनिवारी मी येते तुझ्या मॅचला. आधी दाखव, मग बघू."

शनिवारी रेंजवर मी, रुचा आणि जाडजूड शाल पांघरलेल्या काकू. नळ्या दोनदा धुऊन, वाळवून, भरून तयार होत्या. मी पहिली गोळी झाडली. शेजारच्या जागेवरच्या डेलनं नाक वर केलं.

"सुमंत, ही कुठली पावडर? वास फार छान येतोय!"

चंदनाचा होता! मी लक्ष दिलं नाही. पहिली गोळी चकतीत लागली होती. दुसरी दोन इंच डावीकडे गेली. तिसरी वर. चौथी कुठे गेली ते अजून कोणाला कळलेलं नाही. पाचवी डेलच्या कागदावर, त्याच्या चकतीत लागली आणि डेलनं माझे मनापासून आभार मानले.

"राख!" मी ओरडलो. "उदबत्तीची राख राहिली असणार आत! नळ्यांचं सगळं गणित बिघडलं! यात माझा..."

"उद्या बेंच बाहेर," रुचा म्हणाली.

"थांब गं," काकू पुढे झाल्या. "काडतुसं बिघडलीत की हा, ते आधी बघायला नको? डायग्नोसिस महत्त्वाचं. आण ती बंदूक."

मॅच संपल्यावर डेलनं त्यांना नीट बसवलं, कानांवर मफ चढवले, सगळं समजावून सांगितलं. काकूंनी बांगड्या मागे सारल्या आणि पाच गोळ्या झाडल्या. सावकाश, आरामात. डेलनं दुर्बिणीतून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

पाचही गोळ्या टिकलीत!

"काकू! कसं काय?"

"अरे, चाळीस वर्षं ऑपरेशन टेबलापाशी भूल द्यायचं काम केलं. लोकांचे श्वास मोजण्यात जन्म गेला. श्वास सोडला की क्षणभर सगळं स्थिर असतं, तेवढ्यात चाप दाबायचा. तू दाबताना दोन्ही डोळे घट्ट मिटतोस!"

पण मला ते ऐकूच आलं नाही. मी हर्षवायू झाल्यासारखा नाचत होतो. "बघितलंस रुचा? काडतुसं अचूक आहेत! माझी काडतुसं!"

"आहेतच," रुचा गोड हसली. "पण गोळ्या तू मारायच्या होत्यास. कार आत येणार."

माझा चेहरा बघून काकूंना दया आली असावी. "बेंच माझ्याकडे आण रे. गॅरेज रिकामंच आहे माझं."

तेव्हापासून दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी काकूंच्या गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरतो आणि शनिवारी काकू मॅच खेळतात. क्लबच्या भिंतीवर आता त्यांचा ट्रॉफीसकट फोटो लावलाय. त्यात मीही आहे बरं का! उजव्या कोपऱ्यात रायफलची बॅग धरलेला जो हात दिसतो ना, तो माझाच.